बाकावरच्या मुलाचे पैसे

ऑगस्टमध्ये एका रविवारी रात्री अकराला न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन आला. तिकडे दुपार होती. मागे कुठेतरी मुली ओरडत होत्या, शिट्ट्या वाजत होत्या. त्याची मुलगी तेरा वर्षांची आहे, सॉफ्टबॉल खेळते, आणि त्या दिवशी तिच्या ट्रायआउट्स होत्या.

"तू शाळेत सॉफ्टबॉल खेळायचास ना रे?" त्याने विचारलं.

"टीममध्ये होतो, दादा," मी म्हणालो.

या दोन वाक्यांतला फरक त्याच्या लक्षात आला नाही. माझ्या आला.

त्याचा प्रश्न साधा होता. मुलीला दोन ट्रॅव्हल टीम्सनी घ्यायची तयारी दाखवली होती. ट्रॅव्हल टीम म्हणजे शाळेची नव्हे, खासगी. पालक वर्षाची फी भरतात, कोच पगारी असतो, हिवाळ्यात बंदिस्त हॉल भाड्याने घेतात, आणि उन्हाळाभर दर शनिवार-रविवारी गाडी काढून कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात स्पर्धा. काही स्पर्धांमध्ये आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलातच उतरावं लागतं, नाहीतर टीमला प्रवेश नाही. पहिल्या टीममध्ये बारा मुली, फी साधारण तीन हजार डॉलर. दुसरी टीम नावाजलेली, तिच्या सामन्यांना कॉलेजचे कोच येऊन बसतात. तिथे पंधरा मुली, फी चोवीसशे. हॉटेल, पेट्रोल, जेवण दोन्हीकडे वेगळं. "स्वस्तही आहे आणि मोठंही आहे, मग अडचण काय?" असं वहिनीचं म्हणणं. दादाला काहीतरी खटकत होतं, पण काय ते सांगता येत नव्हतं.

मी हिशोब मांडला. आम्हा इंजिनिअर लोकांना दुसरं काय येतं. सॉफ्टबॉलचा पूर्ण सामना सात डावांचा. फिल्डिंगला नऊ जागा. सात गुणिले नऊ, त्रेसष्ट. बारा मुलींत वाटले तर प्रत्येकीला सरासरी सव्वापाच डाव, पंधरांत वाटले तर चार आणि थोडे. बारा गुणिले तीन हजार म्हणजे छत्तीस हजार, पंधरा गुणिले चोवीसशे म्हणजेही छत्तीस हजार. टीमचा खर्च तोच. तीन मुली वाढवून फी खाली आणली आहे, आणि तेवढाच खेळ प्रत्येकीकडून काढून घेतला आहे.

"पण सगळ्या सारख्या खेळत नाहीत ना," दादा म्हणाला. "पिचर सगळे डाव खेळते. शॉर्टस्टॉप सगळे डाव खेळते."

खटकत होतं ते हेच. खेळ सारखा वाटला जात नाही, फी मात्र सारखी घेतली जाते. वर, दुसऱ्या टीमच्या पिचरची फी माफ आहे अशी पालकांत कुजबुज. ती तशी असेल तर ते पैसे कोण भरतं? बाकावर बसलेल्या मुलीचे आई-बाप. त्यांना वाटतं आपण मुलीच्या खेळासाठी पैसे देतो. देतात ते दुसऱ्याच्या मुलीच्या खेळासाठी, आणि आपल्या मुलीला तो जवळून बघता यावा म्हणून.

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. त्याला कारण न्यू जर्सी नव्हतं.

आमची शाळा भिवंडीतली. मैदान होतं, पण लग्नसराईत अर्ध्यावर मंडप पडायचा. भिवंडीत मुलं क्रिकेट खेळतात, आगरी गावांतली मुलं कबड्डी खेळतात. सॉफ्टबॉल कोणी खेळत नाही. आमच्या खेळाच्या सरांनी नेमकं तेच हेरलं. कबड्डीत जिल्हा पार करायचा म्हणजे जन्मापासून मातीत लोळलेल्या पोरांशी गाठ. सॉफ्टबॉलला टीम्सच कमी. दोन-तीन सामने जिंकले की जिल्हा, आणखी दोन-तीन की विभाग, मग राज्य. आणि राज्य पातळीवर नंबर आला की दहावीला खेळाचे वाढीव गुण. तेव्हा कमाल मर्यादा २५ गुणांची होती. 'बेस्ट फाइव्ह'मुळे दहावीची टक्केवारी ५०० पैकी निघायची, म्हणजे २५ गुण हे सरळ पाच टक्के. ज्याने अकरावीची ऑनलाइन प्रवेशयादी बघितली आहे त्याला पाच टक्के म्हणजे काय हे सांगायला नको. तिथे दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर मुलं गळतात.

सरांना मी लबाड म्हणणार नाही. त्यांनी आम्हाला खरंच शिकवलं. बॅटला स्लगर म्हणायचं, हात खालून फिरवून चेंडू टाकायचा, बेस सोडून कधी पळायचं. गोदामातून आणलेल्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे बेस कापले होते. १८८७ साली शिकागोत हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला तो म्हणे बॉक्सिंगचा हातमोजा बांधून केलेल्या चेंडूने आणि झाडूच्या दांड्याने. आमचं त्यापेक्षा बरं होतं. ग्लोव्ह्ज सहा होते आणि एक स्लगर खरा होता.

त्या टीममध्ये एक पिचर होता. घरची परिस्थिती बेताचीच. पण त्याचा चेंडू दिसायचाच नाही. तो होता म्हणून आम्ही होतो. आणि एक मुलगा होता, पद्मानगरातला, घरी तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात लूम चालवायचे, बारा-बारा तासांच्या पाळीत, मीटरवर मजुरी. हा आउटफिल्डला उभा राहायचा. मोठा खेळाडू नव्हता, पण उंच आलेला चेंडू त्याच्या हातून सुटायचा नाही. टीमचा दहावा-अकरावा खेळाडू म्हणा.

मी सोळावा होतो. मला चेंडूची भीती वाटायची. ती अजून वाटते.

विभाग जिंकला आणि राज्यस्पर्धा निघाली विदर्भात. जाणं-येणं, तिथलं खाणं, गणवेश, मिळून प्रत्येकाने अठराशे रुपये आणायचे असं ठरलं. माझ्या बाबांची भाड्याच्या गाळ्यात बारा लूम्स होती. मंदी तेव्हाही होती. भिवंडीत ती कधी नसते? तरी बाबा शाळेत गेले आणि म्हणाले, "सर, पिचरचं मी बघतो. ग्लोव्ह्ज पण कमी आहेत म्हणे, ते घेऊन टाका." त्याबदल्यात त्यांनी काही मागितलं नाही. खरंच नाही. अंतिम यादी लागली तेव्हा माझं नाव होतं आणि पद्मानगरच्या मुलाचं नव्हतं. त्याने पैसे आणले नव्हते.

राज्यस्पर्धेत आम्ही तिसरे आलो. मी चार सामन्यांत मिळून एकही चेंडू अडवला नाही, एकदाही स्लगर उचलला नाही. स्कोअरबुक लिहिलं, पाणी दिलं, ओरडलो. गुणपत्रिकेवर खेळाचे गुण आले. त्यांच्या जोरावर ठाण्याचं ज्युनिअर कॉलेज मिळालं, तिथे चांगले शिक्षक मिळाले, पुढे इंजिनिअरिंग, पुढे ऐरोलीतली नोकरी. यातली किती पायरी त्या गुणांनी चढलो ते मोजता येत नाही. शून्य नक्की नाही.

आता यात चूक कुणाची? मी बरीच वर्षं हा प्रश्न 'कुणाचीच नाही' म्हणून बंद केला होता. बाबांनी पैसे दिले नसते तर पिचर गेला नसता, पिचर गेला नसता तर टीम गेली नसती. एका माणसाच्या पैशांनी पंधरा मुलांचं भलं झालं, एकाचं राहिलं. प्रॉडक्शनला असा रिझल्ट आला तर आम्ही पार्टी करू.

पण नीट बघा, राहिला तो कोण. पिचर नाही. स्टारला कुठलीच व्यवस्था सोडत नाही. त्याची फी माफ होते, त्याला दुसऱ्याचा बाप सापडतो. सर्वांत कच्चा मुलगाही राहिला नाही, कारण तो पैसे आणत होता. राहिला तो मधला. चांगला, पण ज्याच्यावाचून अडेल इतका चांगला नाही, आणि गरीब. आपण भाषणांत म्हणतो, 'गुणवत्ता असेल तर गरिबी आड येत नाही.' ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. अफाट गुणवत्तेच्या आड येत नाही. साध्या, रोजच्या, घामाने कमावलेल्या गुणवत्तेच्या आड ती बरोबर येते. श्रीमंताच्या मुलाला सामान्य असून चालतं. गरिबाच्या मुलाला असामान्यच असावं लागतं.

अमर्त्य सेन यांच्या २००९ सालच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' या पुस्तकात एका बासरीची गोष्ट आहे. तीन मुलं, बासरी एक. अ‍ॅन म्हणते, ती मला द्या, कारण वाजवता फक्त मला येते. बॉब म्हणतो मला द्या, कारण माझ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. कार्ला म्हणते मला द्या, कारण ती कष्ट करून मी बनवली आहे. सेन म्हणतात तिघांचाही दावा खरा आहे, आणि कुठला खरा धरायचा हे एका तत्त्वाने सुटत नाही. आमच्या टीमला हे लावून बघितलं तर पद्मानगरचा मुलगा अ‍ॅनही आहे आणि बॉबही आहे, आणि पुठ्ठे कापणाऱ्यांत तो असल्यामुळे थोडा कार्लाही आहे. तिन्ही दावे त्याचे. तरी बासरी मला मिळाली. कारण सेनांच्या गोष्टीत चौथं मूल नाही. ज्याचे वडील म्हणतात, बासरी कुणालाही द्या, पण गावाला जायचं गाडीभाडं मी देतोय.

हे चौथं मूल दुष्ट नसतं. तीच तर पंचाईत आहे. दुष्ट असतं तर सोपं झालं असतं. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत एक मोठं प्रकरण उघड झालं. रिक सिंगर नावाच्या एका सल्लागाराने पैसेवाल्यांच्या मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवलं होतं, आणि त्याची एक वाट खेळाची होती. कोचला पैसे द्यायचे आणि न खेळणाऱ्या मुलाला खेळाडू म्हणून यादीत घालायचं. काहींचे तर फोटो बनवले, वॉटर पोलो खेळणाऱ्याच्या धडावर चेहरा आपल्या मुलाचा. त्याचा आपल्याला धक्का बसायचं कारण नाही. आपल्याकडे ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं काढून, खेळाडूंसाठीच्या पाच टक्के राखीव जागांवर सरकारी नोकऱ्या मिळवल्याचं उघड झालं, ते काही फार जुनं नाही. उडीही न मारलेला माणूस खेळाडू म्हणून हजेरीपटावर. अशा वेळी आपण सगळे 'चोर' म्हणून मोकळे होतो. मायकल सँडेल यांनी 'द टिरनी ऑफ मेरिट' या पुस्तकाची सुरुवात सिंगरच्याच प्रकरणाने केली आहे, आणि त्यांचा प्रश्न असा की मागच्या दाराने शिरणाऱ्यावर आपण इतके चिडतो, पण पुढच्या दारापर्यंत पोचायलाही पैसे लागतात त्याचं काय?

माझं प्रमाणपत्र बनावट नव्हतं. सही खरी, शिक्का खरा, स्पर्धा खरी. मी त्या मैदानावर खरंच होतो. पण फोटोवर चेहरा चिकटवलेला तो मुलगा आणि बाकावर बसलेला मी, यांच्यात किती अंतर आहे हे विचारलं तर मला लगेच उत्तर देता येत नाही. अंतर आहे. वाटतं तेवढं नाही.

इथे बाकाची बाजूही मांडायला हवी, कारण तिच्यावर अन्याय होतोय. नऊच मुलं असतील तर सराव होत नाही. कुणीतरी चेंडू टाकावा लागतो, कुणीतरी खोटा धावपटू व्हावं लागतं. पिचरचा खांदा दुखला तर? आयटीत आम्ही बेंचवरच्या लोकांना हसतो, पण अचानक प्रोजेक्ट आलं की तेच धावून येतात. फरक एवढाच की आमच्याकडे बेंचवरच्याला पगार मिळतो. खर्च कंपनीचा. शाळेच्या आणि ट्रॅव्हल टीमच्या बाकावर बसायचे पैसे बसणारा देतो.

बाकावरच्याचा हक्क असतो का, यावर अमेरिकेत अलीकडे खरोखरीच खटला अडला. तिथे पूर्वी पहिल्या श्रेणीच्या कॉलेजच्या सॉफ्टबॉल टीमला बारा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. कोच त्यांचे तुकडे करून वीस-बावीस मुलींत वाटायचे, कुणाला अर्धी, कुणाला पाव. टीमच्या आकाराला बंधन नव्हतं. म्हणजे शिष्यवृत्ती नसलेलीही मुलगी टीममध्ये राहू शकत होती. मग कॉलेज खेळाडूंना थेट पैसे देण्याबद्दलचा एक मोठा दावा तडजोडीला आला. ठरलं असं की जी कॉलेजं या तडजोडीत सामील होतील त्यांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा नाही, पण टीमला मर्यादा, सॉफ्टबॉलला पंचवीस. वरच्यांना जास्त पैसे, आणि पंचविसाव्या नंतरची घरी. तडजोड अंतिम व्हायच्या आधीच कॉलेजांनी मुलं कमी करायला घेतली. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्यावर बोट ठेवलं. अब्जावधी डॉलरची तडजोड बाकावरच्या मुलांसाठी काही आठवडे अडली. अशी वगळली गेलेली मुलं परत घेतली तर ती मर्यादेत मोजायची नाहीत, अशी सवलत घातली गेली, आणि मग ६ जून २०२५ रोजी मंजुरी मिळाली. सवलत त्या मुलांपुरतीच. आज तेरा वर्षांची असलेली माझी पुतणी त्यात बसत नाही. तिच्यासाठी दार पंचवीस जणींचंच आहे.

मला ती न्यायाधीश आवडली. पण तिने वाचवला तो बाक कष्टाने मिळवलेला होता. माझा विकत घेतलेला होता, तोही मला न विचारता. बाकाचा दोष नाही. बाकावर बसल्याबद्दल प्रमाणपत्र, प्रमाणपत्राबद्दल गुण, गुणांबद्दल जागा, अशी साखळी लागली की बाकाला भाव येतो. भाव आला की तो परवडणारा तिथे बसतो. पुढे शासनाने स्पर्धेचा स्तर बघून कमी-जास्त गुण द्यायची पद्धत आणली. बरं केलं. पण मैदानात उतरलेला आणि न उतरलेला, दोघांचं प्रमाणपत्र सारखंच दिसतं.

आणि एक माणूस या हिशोबात मी कधी धरलाच नव्हता. अकरावीच्या यादीत माझ्या एक पायरी खाली असलेला, ज्याची जागा माझ्या पाच टक्क्यांनी गेली. पद्मानगरच्या मुलाचा निदान चेहरा मला माहीत आहे. त्या दुसऱ्याचा, किंवा तिचा, कधीच कळणार नाही.

गणपतीत घरी गेलो होतो. धामणकर नाक्यावर पुलाखाली ट्रॅफिक तुंबलेलं, मी रिक्षातून उतरून चालायला लागलो, आणि समोर तो. ओळखलं त्यानेच. मानकोलीकडच्या एका गोदामात सुपरवायझर आहे, लग्न झालंय. चहा घेतला. पिचरचं निघालं. त्याला खेळावर कॉलेजात प्रवेश मिळाला होता, फी माफ होती, विद्यापीठाकडून खेळला, आणि पुढे काहीच झालं नाही. आता तोही गोदामातच, याच्याच शिफ्टला.

मी धीर करून यादीचं काढलं. म्हटलं, तुझ्या जागी मी गेलो होतो, मला ते लक्षात आहे.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला कोण बोललं? मीच सरांना नाही सांगितलं होतं."

"का?"

"अप्पांना ताप होता ना. रातपाळी मी बघत होतो आठ दिवस. नाहीतर शेठने दुसरा माणूस लावला असता." मग थोडं थांबून, "आणि अठराशे कुठून आणायचे? विचारलंच नाही घरी."

म्हणजे वगळलं कुणीच नाही. त्यानेच नाही म्हटलं. सरांच्या वहीत, बाबांच्या मनात, माझ्या गुणपत्रिकेत सगळं नियमाला धरून. पंधरा वर्षांचा मुलगा घरी न विचारताच उत्तर ओळखतो आणि स्वतःहून बाजूला होतो, याला 'त्याचा निर्णय' म्हणायचं का? तो तरी तसंच म्हणतो. त्याच्या तोंडून तो निर्णय काढून घ्यायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. अपराधी वाटणं हीसुद्धा एक चैन असावी, जी परवडते त्याला. मी माफी मागितली नाही. ती कुणासाठी मागतोय हे मलाच कळेना.

त्याने मोबाइल काढून एक माहितीपत्रक दाखवलं. त्याचा भाचा दहा वर्षांचा, ठाण्याच्या एका क्रिकेट अकादमीत घालायचा विचार चाललाय. तीन महिन्यांची फी, किट वेगळं, मॅचेसचे पैसे वेगळे. "तू इंजिनिअर आहेस, बघ जरा, बरोबर आहे का हे?"

मी बघितलं. एका बॅचला चाळीस मुलं, नेट्स दोन, कोच एक. मी त्याला तोच भागाकार करून दाखवला जो दादाला दाखवला होता. एका मुलाच्या वाट्याला किती चेंडू येतील. त्याने आकडा दोनदा विचारून घेतला. दादाने, जाता जाता सांगतो, पंधरावाली टीम घेतली. कॉलेजचे कोच येतात म्हणून.

चहाचे पैसे त्यानेच दिले, मला देऊ दिले नाहीत. पुलाखालून निघताना म्हणाला, "तू इंग्लिशमध्ये फोन करून विचार ना त्यांना. बाकावर बसवणार असतील तर फी अर्धी घेतात का?"